होर्नचा चौक आणि बांदाचं जायफळ

नेदरलँड्समधल्या होर्न गावाच्या चौकात डच ईस्ट इंडिया कंपनीचा सतराव्या शतकातला अधिकारी यान पीटर्सझोन कून याचा पुतळा उभा आहे. तो तिथून उतरवून त्याच चौकातल्या संग्रहालयात ठेवावा, असं माझं मत आहे. मी त्या गावची नाही, डच नागरिकही नाही. नोकरीनिमित्त ॲमस्टरडॅमजवळ येऊन स्थिरावलेल्या अनेक मराठी घरांपैकी आमचं एक. परक्या गावच्या पुतळ्यात हिने का लक्ष घालावं, असं कुणालाही वाटेल. इथल्या एका मैत्रिणीने मला ते विचारलंही, अगदी आपुलकीने. त्या वेळी मला धड उत्तर देता आलं नव्हतं.

होर्न मला मनापासून आवडतं, हे आधी सांगते. ॲमस्टरडॅमहून आगगाडीने पाऊण तासाच्या आत माणूस तिथे पोचतो. 1357 मध्ये या गावाला शहराचे हक्क मिळाले. समोर झाउडरझे नावाचा समुद्राचा फाटा होता. 1932 मध्ये मोठा बांध घालून तो तोडला आणि खारं पाणी हळूहळू गोडं झालं. बंदराच्या तोंडाशी 1532 चा बुरूज आजही आहे. चौकात 1609 ची वजनवखार आहे, जिथे चीज तोलून विकलं जायचं. त्यासमोर 1632 ची, दगडी कोरीवकामाने नटलेली संग्रहालयाची इमारत. जुन्या गल्ल्यांतली कितीतरी घरं रस्त्याकडे जराशी झुकलेली, जणू वाकून कोण आलंय ते बघतायत. अठराव्या शतकात व्यापार ओसरला, जुनं पाडून नवं बांधायला लोकांकडे पैसा उरला नाही, आणि म्हणूनच हे सगळं टिकलं.

या गावाकडे अभिमान बाळगावा असं खूप आहे. 1595 च्या सुमारास इथल्या गोद्यांमध्ये ‘फ्लाउट’ नावाचं मालवाहू जहाज पहिल्यांदा बांधलं गेलं. पोट मोठं, खलाशी थोडे, त्यामुळे भाडं स्वस्त. बाल्टिक समुद्राकडून धान्य आणि लाकूड आणायला हे जहाज असं काही उपयोगी पडलं की डचांच्या भरभराटीचा निम्मा पाया त्यानेच घातला, असं म्हणायला हरकत नाही. 1573 मध्ये इथल्या आणि आसपासच्या गावांच्या जहाजांनी स्पेनच्या आरमाराला याच पाण्यात हरवलं आणि त्याच्या सरदाराला पकडून गावात कैदेत ठेवलं. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला आपण शाळेत ‘केप हॉर्न’ म्हणतो, ते नावही या गावाचंच. इथला दर्यावर्दी स्खाउटन 1616 मध्ये त्या टोकाला वळसा घालून गेला आणि त्याने त्या खडकाला आपल्या गावाचं नाव दिलं.

पण चौकात चौथऱ्यावर ना फ्लाउट बांधणारा आहे, ना स्खाउटन. तिथे कून आहे.

कून 1587 मध्ये होर्नमध्येच जन्मला. विसाव्या वर्षीच तो डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत शिरून पूर्वेला निघाला आणि पुढे कंपनीचा तिकडचा सर्वोच्च अधिकारी, म्हणजे गव्हर्नर जनरल झाला. 1619 मध्ये जावा बेटावरचं जयकार्ता गाव त्याने जाळून उद्ध्वस्त केलं आणि त्या राखेवर नवं शहर वसवलं. त्याला ‘नवं होर्न’ असं नाव द्यायची त्याची इच्छा होती. मालकांनी ते मानलं नाही, नाव बटाव्हिया ठेवलं. आजचं जकार्ता ते हेच. 1629 मध्ये कून तिथेच आजारपणात मेला.

कंपनी 1602 मध्ये स्थापन झाली. तिची सहा गावांत सहा दालनं होती, त्यातलं एक होर्नचं. एकूण भांडवल सुमारे 64 लाख गिल्डर, त्यात होर्नचा वाटा पावणेतीन लाखांच्या आत. वाटा लहानच, पण सतरा संचालकांच्या मंडळात गावाची एक खुर्ची होती. या गावातल्या व्यापाऱ्यांनी आणि साध्या लोकांनीही घरातला पैसा कंपनीत घातला. तो वाढावा म्हणून जगाच्या दुसऱ्या टोकाला जे झालं, ते गावापासून वेगळं काढता येत नाही.

काय झालं ते नीट सांगायला हवं, कारण मराठीत ते फारसं कुणी सांगत नाही. आपल्या सिंधुदुर्गातलं बांदा वेगळं. हे बांदा इंडोनेशियाच्या पूर्व भागातलं, मालुकू द्वीपसमूहातल्या चिमुकल्या बेटांचं. जायफळाचं झाड त्या काळी जगात या बेटांवरच पिकत असे. बेटांवर भात होत नव्हता. तांदूळ, साबुदाणा आणि कापड बाहेरून यायचं, आणि बदल्यात जायफळ आणि जायपत्री जायची. कापड बहुतेक आपल्याकडचं, गुजरातचं आणि कोरोमंडल किनाऱ्याचं. जावानीज, मलय, अरब, गुजराती असे सगळ्या जातीचे व्यापारी तिथे शेकडो वर्षं येत-जात होते. आपल्या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत ‘जातीफल’ आहे ते याच वाटेने आलेलं. बेटांवर राजा नव्हता. ‘ओरांग काया’ म्हणजे गावोगावचे मानकरी मिळून कारभार बघत.

डचांना हे सगळं जायफळ एकट्याने हवं होतं. त्यांनी मानकऱ्यांकडून करार लिहून घेतले की विकाल तर आम्हालाच विकाल. पण डच दर कमी द्यायचे, तांदूळ वेळेवर आणायचे नाहीत, आणि त्यांचं लोकरीचं जाड कापड त्या उष्ण हवेत कुणाला नको होतं. मग बांदाचे लोक इंग्रजांना आणि जावाच्या व्यापाऱ्यांना माल विकत राहिले. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 1609 मध्ये बांदाच्या लोकांनी बोलणीला बोलावून डच ॲडमिरल फरहूफ आणि त्याच्या बरोबरच्या माणसांना ठार केलं होतं. तरुण कून त्याच ताफ्यातून पूर्वेला आला होता. ती आठवण त्याच्या मनात असणारच. आणि 1614 मध्येच त्याने मालकांना लिहिलं होतं की युद्धाशिवाय व्यापार चालत नाही आणि व्यापाराशिवाय युद्ध चालत नाही.

1621 मध्ये तो स्वतः मोठं आरमार घेऊन बांदावर गेला. गावं जाळली, लोक डोंगरात पळाले, तिथे उपासमारीने मेले. 44 मानकऱ्यांना किल्ल्याबाहेर बांबूच्या कुंपणात उभं करून भाडोत्री जपानी शिपायांकडून तलवारीने मारलं. सुमारे 800 जणांना, त्यात बायका आणि मुलंही, गुलाम करून बटाव्हियाला नेलं. त्याआधी बेटांवर अंदाजे 15 हजार माणसं होती. नंतर हजारभर उरली असावीत. मोकळ्या झालेल्या जमिनीचे 68 तुकडे पाडून डच बागवानांना दिले, आणि त्यांत राबायला आशियाच्या वेगवेगळ्या किनाऱ्यांवरून गुलाम आणले, भारताच्या किनाऱ्यावरूनही. ही गुलामी 1860 पर्यंत कायद्याने चालू होती. दुसऱ्या कुणी बी रुजवू नये म्हणून जायफळं चुन्यात बुडवून मग बाहेर पाठवली जात.

माझ्या शेजारच्या डच आजी फ्लॉवर उकडतात आणि वाढायच्या आधी त्यावर जायफळ किसतात. त्यांची किसणी बोटाएवढी, आणि तिच्या वरच्या झाकणात एक अर्धं झिजलेलं जायफळ ठेवलेलं असतं. माझ्या आईची सहाण होती. श्रीखंडाला, पुरणाला, आणि बाळाला झोप यावी म्हणून गुटीत, दोन-तीन वेढे. आजींच्या ओट्याशी उभं राहून ते किसलेलं जायफळ बघताना मला पहिल्यांदा जाणवलं, की दोन्ही स्वयंपाकघरांत ते पोचवणारी वाट एकाच बेटावरून निघते. मात्र आईकडे ते पोचलं ती वाट शेकडो व्यापाऱ्यांची होती. आजींच्या घरी ते ज्या वाटेने पोचलं, ती एका कंपनीने बाकी सगळ्यांना हाकलून आपल्या हातात घेतली होती.

आता पुतळ्याविषयी. तो 1893 चा आहे, म्हणजे कूनच्या मृत्यूनंतर अडीचशेहून जास्त वर्षांनी उभारलेला. त्या वेळी डच सरकारचं सुमात्रामधल्या आचेशी वर्षानुवर्षं युद्ध चाललं होतं आणि साम्राज्याला शूर पूर्वज हवे होते. बटाव्हियात त्याआधीच कूनचा पुतळा उभा राहिला होता. होर्नचा पुतळा त्याच मालिकेतला. त्यामुळे हा पुतळा सतराव्या शतकाविषयी आपल्याला काही सांगत नाही, एकोणिसाव्या शतकाच्या गरजेविषयी सांगतो. तो अस्सल ऐतिहासिक वस्तू आहे, पण त्याचं ठिकाण संग्रहालय आहे, चौक नाही.

‘आजच्या फूटपट्टीने कालच्या माणसाला मोजू नका,’ हे या वादातलं सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य. मलाही एरवी ते पटतं. पण इथे ते लागू होत नाही. कूनच्या आधीचा गव्हर्नर जनरल लॉरेन्स रेआल हा मालुकूतल्या बळजबरीच्या विरोधात होता. ॲडमिरल स्टेव्हन व्हान डर हाखन यानेही तेच मत मांडलं होतं. 44 मानकऱ्यांना मारताना हजर असलेल्या एका डच अधिकाऱ्याने लिहून ठेवलं आहे की कोण बरोबर ते देव जाणे, पण हे प्रकरण ज्या रीतीने संपवलं गेलं त्याने आम्ही ख्रिस्ती म्हणवणारे सगळे हादरून गेलो. खुद्द संचालक मंडळानेही सौम्य शब्दांत नापसंती कळवली, आणि त्याबरोबर बक्षीसही दिलं. 1886 मध्ये, होर्नच्या पुतळ्याच्या सात वर्षं आधी, डच इतिहासकार व्हान डर चेइस यांनी बांदाचा सगळा इतिहास कागदपत्रांतून मांडला आणि कूनच्या नावाला रक्त चिकटलेलं आहे असं लिहिलं. म्हणजे 1621 ची फूटपट्टी लावा किंवा 1893 ची, दोन्ही वेळी माहीत असलेल्या लोकांना हे चुकीचं वाटलं होतं. ज्यांनी पुतळा उभारला त्यांनी ते माहीत असूनच उभारला.

दुसरं म्हणणं असं की पुतळा काढला तर इतिहास पुसला जाईल. बटाव्हियातला कून जपानी अमलात काढून टाकला. म्हणून जकार्ताची माणसं कूनला विसरली का? मुंबईत 1965 मध्ये सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा हलवून भायखळ्याच्या राणीबागेत ठेवला. इतक्या वर्षांनंतरही त्या भागाला सगळे ‘काळा घोडा’च म्हणतात, आणि ज्याला राजाचा पुतळा बघायचा आहे तो भायखळ्याला जाऊन बघू शकतो. तिथे राजा जमिनीच्या पातळीवर, इतर पदच्युत साहेबांच्या सोबत आहे. त्याच्याजवळ जाऊन घोड्याच्या पायाला हात लावता येतो. मुंबईने काही गमावलं असं मला कधी वाटलं नाही. होर्नमध्ये तर अंतर फारच थोडं आहे. संग्रहालय त्याच चौकात आहे.

तिसरं म्हणणं जास्त गंभीर आहे. ते असं, की पाटी बदलली आहे, आता आणखी काय हवं? 2011 मध्ये गावातल्या काही नागरिकांनी पुतळा काढावा अशी मागणी केली. त्याच वर्षी चौकातल्या कामाच्या वेळी एका क्रेनचा धक्का लागून पुतळा खाली पडला होता. दुरुस्त करून 2012 मध्ये तो पुन्हा चढवला, आणि पाटी नवी लावली. संग्रहालयाने ‘कूनचा खटला’ असं प्रदर्शन भरवून बघायला येणाऱ्यांना कौल विचारला. बहुमत पुतळा राहावा या बाजूचं होतं. 2020 च्या जूनमध्ये पुतळ्याविरुद्ध मोठी निदर्शनं झाली आणि पोलिसांशी झटापटही.

मी ती पाटी तिथे उभं राहून दोनदा वाचली. डच मला कामापुरतं येतं, म्हणून सावकाश. पाटी म्हणते की कर्तबगार आणि दूरदर्शी प्रशासक म्हणून त्याची वाखाणणी झाली, पण मक्तेदारी मिळवताना केलेल्या हिंसेबद्दल टीकाही तितकीच झाली. पुढे म्हणते की बंदी असतानाही इंग्रजांना जायफळ विकल्याबद्दल त्याने 1621 मध्ये बांदावर ‘शिक्षेची मोहीम’ काढली, आणि त्यात हजारो लोक प्राणाला मुकले. यातला एकेक शब्द तपासून बघावा असा आहे. शिक्षा गुन्हेगाराला होते. आपल्या बेटावर आपल्या झाडाचं फळ हव्या त्या गिऱ्हाइकाला विकणं हा गुन्हा कुठल्या कायद्याने ठरला? आणि लोक ‘प्राणाला मुकले’ की त्यांना मारलं? वाखाणणी आणि टीका अशा दोन पारड्यांत घातल्यावर माणसांच्या कत्तलीचं एक मत होऊन जातं, कुणाला पटेल, कुणाला नाही. शिवाय पाटी खाली, वाकून वाचावी लागते, आणि माणूस वर, मान उंचावून बघावा लागतो. दगड आणि ब्राँझ जे बोलतात त्याला कागदी वाक्याने काट मारता येत नाही.

त्या चौकाचं नाव ‘रोडे स्टेन’ म्हणजे लाल दगड. गावात पूर्वी मृत्युदंड इथे दिला जायचा, त्या जागेच्या दगडावरून हे नाव पडलं, असं सांगतात. ज्या गावाने आपल्या चौकाचं असं नाव शतकानुशतकं जपलं, ते गाव कटू गोष्ट पचवू शकत नाही असं मी मानत नाही.

मला खरी उणीव दिसते ती वेगळीच. 2011 च्या मागणीवर निर्णय घेतला गावाने. कौल दिला प्रदर्शनाला आलेल्यांनी. चर्चा केली होर्नच्या नगरपालिकेने. गावाचा चौक, गावाचा निर्णय. आपल्याकडेही हेच म्हटलं असतं, गावकीचा प्रश्न गावकी सोडवेल. पण होर्नचा इतिहास एकट्या होर्नचा राहिलेलाच नाही. ज्या दिवशी तिथल्या पैशाने जहाजं बांदाला निघाली, त्या दिवसापासून त्या इतिहासाला आणखी वाटेकरी झाले. केप हॉर्नचं नाव आपलं आहे असं गाव अभिमानाने सांगतं, आणि त्याला ते सांगायचा हक्क आहे. मग बांदाही त्याचंच आहे.

आणि वाटेकरी फक्त बांदाचे नाहीत. आदिलशाहीच्या परवानगीने 1637 मध्ये याच कंपनीने आपल्या वेंगुर्ल्याला वखार घातली, गोव्याच्या पोर्तुगिजांची नाकेबंदी करताना जहाजांना आधार मिळावा म्हणून. तेव्हा कून मरून आठ वर्षं झाली होती, पण बटाव्हियाहून सूत्रं हलवणारी यंत्रणा त्यानेच बसवलेली. वेंगुर्ल्याच्या डचांनी वरिष्ठांना लिहिलेली पत्रं शिवकालाच्या अभ्यासकांना आजही लागतात. ती वखार राज्य सरकारच्या संरक्षित यादीत आहे. मी बघितली तेव्हा छप्पर नव्हतं, भिंतींतून झाडं वर गेली होती, आणि ही कुणाची इमारत ते सांगणारा माणूस शोधावा लागला. आमच्या टोकालाही आम्ही हा धागा नीट सांभाळलेला नाही, हे मला कबूल आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी बांदाची रोपं बाहेर काढली, आणि हळूहळू जायफळ आपल्या किनाऱ्यावरही आलं. आज कोकणात नारळ-सुपारीच्या बागांत ते आंतरपीक म्हणून लावतात, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’, ‘कोकण स्वाद’ अशा जाती काढल्या आहेत, आणि घरोघरी त्याच्या सालींचं लोणचं घालतात. ज्या झाडासाठी पंधरा हजारांची वस्ती संपवली, ते आज कुणाच्याही परसात उभं आहे. मैत्रिणीला मी द्यायला हवं होतं ते उत्तर हेच: या इतिहासाच्या वाटणीत माझाही एक लहानसा हिस्सा आहे.

नेदरलँड्समध्ये वारं बदलतं आहे. 2022 च्या 19 डिसेंबरला पंतप्रधान मार्क रुटे यांनी गुलामगिरीबद्दल सरकारतर्फे माफी मागितली. 2023 च्या 1 जुलैला राजानेही मागितली. देशाचा राजा भर सभेत माफी मागू शकतो, तर एका गावाला एक पुतळा रस्ता ओलांडून पलीकडे नेणं जड जाऊ नये. चौथरा मात्र काढू नये असं मला वाटतं. तो तिथेच राहावा, रिकामा, म्हणजे इथे काहीतरी होतं हे येणाऱ्याला कळेल आणि तो विचारेल.

बांदाचे सगळे लोक 1621 मध्ये मेले नाहीत. काही जण होड्यांतून निसटले आणि पूर्वेला काई बेटांवर गेले. काई बेसार बेटावर बांदा एली आणि बांदा एलात ही दोन गावं त्यांनी वसवली. बांदावर आज मलय बोलतात, तिथली मूळ बोली संपली. पण या दोन गावांत ती अजून बोलली जाते, चारशे वर्षांनंतरही. घरात, अंगणात, होडी ओढताना. होर्नच्या चौथऱ्यावर नवी पाटी लागेल तेव्हा तिच्यावरची पहिली ओळ डच नसावी, त्या बोलीतली असावी, आणि ती काय असावी हे नगरपालिकेने ठरवू नये. माणसं आहेत, त्यांना विचारता येतं. पत्ताही आहे: बांदा एली, काई बेसार, मालुकू प्रांत, इंडोनेशिया.